रत्ने आणि कठीण खनिजे : गुणधर्म, उपयोग आणि पारख

बालाघाटकरांना खनिजांची वेगळी ओळख करून द्यायला नको. भरवेलीची मँगनीज खाण शहराला लागून आहे आणि मलाजखंडची तांब्याची खाण जिल्ह्यातच आहे. तरीही अंगठीतल्या खड्याबाबत आपण दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. बँकेत सोनेतारण कर्जाचे काम करताना एक गोष्ट नेहमी दिसे. सराफ खड्यांचे वजन वजा करून फक्त सोन्याची किंमत धरी. "आईच्या अंगठीतलं माणिक आहे हो," असे म्हणणाऱ्याचा चेहरा उतरायचा. खडा खोटाच असे असे नाही, पण त्याची खात्री बँकेत बसून करता येत नाही. म्हणून सभासदांसाठी ही थोडी माहिती.

कठीणपणा
जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांचा क्रम लावला : १ शंखजिरे, २ जिप्सम, ३ कॅल्साइट, ४ फ्लोराइट, ५ अ‍ॅपेटाइट, ६ फेल्डस्पार, ७ क्वार्ट्झ (गारगोटी), ८ टोपाझ, ९ कुरुंद, १० हिरा. वरच्या क्रमांकाचे खनिज खालच्यावर ओरखडा पाडते. हा केवळ क्रम आहे. प्रत्यक्षात हिरा कुरुंदापेक्षा कित्येक पट कठीण असतो.

माणिक आणि नीलम ही दोन्ही कुरुंदाचीच रूपे. क्रोमियममुळे लाल रंग येतो, लोह व टायटॅनियममुळे निळा. बाजारात पुष्कराज म्हणून मिळणारा पिवळा खडाही बहुधा कुरुंदच असतो. पाचू साडेसात ते आठ, गोमेद सुमारे सात. मोती आणि पोवळे मात्र तीन-चारच्या आसपास असून लिंबू किंवा व्हिनेगर लागल्यास खराब होतात.

घरातल्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. त्यामुळे सातपेक्षा मऊ खडे कोरडे पुसले की हळूहळू निस्तेज होतात. आधी धूळ फुंकून टाकावी आणि मऊ ओल्या कापडाने पुसावे. कठीण म्हणजे न फुटणारा, असेही नाही. हातोडीच्या घावाने हिराही फुटतो.

उपयोग
कुरुंदाची पूड धार लावण्याच्या दगडात व पॉलिश कागदात वापरतात. जुन्या चावीच्या घड्याळांवर '१७ ज्वेल्स' लिहिलेले असे, ती बहुधा कृत्रिम माणके. चाकांचे आस त्यांत फिरत असल्याने झीज कमी होई. हिऱ्याची पूड काच व दगड कापायला लागते. आपल्याच राज्यात पन्ना येथे हिऱ्याची खाण आहे.

आपल्या भागात मँगनीजच्या थरांबरोबर सापडणाऱ्या एका खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. त्यात गारगोटी आणि स्पेसार्टीन असते. स्पेसार्टीन हा गोमेदाच्याच कुळातला, मँगनीजयुक्त गार्नेट. पारदर्शक नारिंगी स्पेसार्टीन जगात दागिन्यांत वापरतात. गोंडाइटमधले दाणे सहसा बारीक असतात. आपली खरी संपत्ती मँगनीजचे खनिज. ते पोलाद बनवायला लागते, आणि सुक्या बॅटरीतही मँगनीज डायऑक्साइड असते.

पारख
फ्रान्सच्या व्हर्नॉय यांनी १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. अशा माणकाचा कठीणपणा आणि घनता नैसर्गिक माणकाइतकीच असते. म्हणून घरी ओरखडा पाडून पाहू नये. पारख होत नाही आणि खडा मात्र बिघडतो. सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या वक्र रेषा व बुडबुडे पाहून तज्ज्ञ फरक सांगतात.

किमती खडा घेताना रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. त्यात 'नैसर्गिक' असा उल्लेख आहे का आणि खड्यावर उष्णता वगैरेची प्रक्रिया झाली आहे का, ते वाचावे. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, तर रत्नाचा कॅरट वजन : १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. बिलावर दोन्ही वेगळे लिहून घ्यावेत. बिल आणि प्रमाणपत्र दागिन्याबरोबरच जपून ठेवावे, म्हणजे अडचणीच्या वेळी मुलांना नुसत्या आठवणीवर अवलंबून राहावे लागणार नाही.