पदकाच्या कडेवरचा इतिहास

इतिहासाच्या तासाला आपले सर म्हणायचे, "आधी पुरावा, मग अभिमान." तेव्हा ते परीक्षेपुरतं ऐकलं. अर्थ कळला तो घरच्या ट्रंकेतल्या एका पदकामुळे.

दसऱ्याला आजी ते चांदीचं पदक चिंचेने घासून शस्त्रांशेजारी मांडायची आणि सांगायची, "मामंजी कूटच्या वेढ्यात होते. उपाशी राहिले, पण घोड्याच्या मांसाला शिवले नाहीत." वेढा खराच. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी इराकातलं कूट कोंडलं होतं. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवाळीला वाईला आलो, तेव्हा भिंग घेऊन बसलो. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. पण असं पदक लाखोंना मिळालं. स्कॉटिश पलटणीचा किल्ट चौकड्यांच्या रंगांवरून आणि आतल्या शिक्क्यावरून ओळखतात. पदकाची ओळख कडेवर असते: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडात दिसली: '११४ मराठाज'.

१९०३ मध्ये मुंबईच्या जुन्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले गेले. चौदावीची ११४ वी झाली. १९२२ मध्ये ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दहावी बटालियन बनली. म्हणजे हे नाव या दोन सालांमधलं. आणि ११४ वी पलटण कूटच्या वेढ्यात नव्हतीच. ती ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतला लढली. शिपाई एका पलटणीतून दुसरीत पाठवले जात, हे खरं; पण तसा कागद घरात नव्हता.

आजीला सांगायला माझी जीभ रेटेना. दोन दिवसांनी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे उपाशी नव्हते ना? बरं झालं."

आपल्यापैकी अनेकांच्या घरी असं पदक असेल. ते घासू नका, अक्षरं जातात. कड वाचा, उतरवून घ्या आणि पुढच्या मेळाव्याला घेऊन या. सरांना दाखवू.