पेनसिल्व्हेनियाचं पाऊण मत

28 ऑगस्ट 1968. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. शिकागोच्या अँफिथिएटरमध्ये तुम्ही प्रतिनिधींत दाटीवाटीने उभे आहात. शेजारच्या जनावरांच्या बाजाराचा उग्र दर्प आत येतोय. टीव्हीवर हिल्टन हॉटेलसमोरचं दृश्य: पोलीस व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या पोरांना झोडपताहेत. व्यासपीठावरून सिनेटर रिबिकॉफ त्याचा निषेध करताच समोर बसलेले महापौर डेली हातवारे करत ओरडू लागतात.

मग एकेका राज्याचा पुकारा सुरू होतो. पेनसिल्व्हेनियाची पाळी येते. 130 पैकी 103¾ मतं ह्युबर्ट हम्फ्रींना! उमेदवारी पक्की. शेजारची बाई चिडून तुम्हाला विचारते, ‘‘आमच्याकडे प्रायमरी कोण जिंकलं होतं?’’ प्रायमरी म्हणजे उमेदवारासाठी राज्यातल्या मतदारांनी केलेलं मतदान. ती जिंकली हम्फ्रींचे प्रतिस्पर्धी मॅकार्थी यांनी, 70 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन. हम्फ्री तर एकाही प्रायमरीत उतरलेले नाहीत. पण प्रतिनिधी नेमणं बहुतेक राज्यांत पुढाऱ्यांच्याच हाती. काही ठिकाणी निवडणुकीचं वर्ष उजाडायच्या आधीच नावं ठरलेली.

धुमश्चक्रीत एक गोष्ट झाकली जातेय: प्रतिनिधी निवडीत पक्षाच्या सगळ्या मतदारांना वाव मिळावा, असा ठराव याच अधिवेशनाने केलाय. त्यातूनच 1969 मध्ये सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसतो. त्याने राज्यांना घातलेल्या अटी: लेखी नियम हवेत, सभेची जाहीर सूचना हवी, स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीयांना लोकसंख्येच्या मानाने जागा हव्यात. एवढं सांभाळण्यापेक्षा प्रायमरी घेतलेली बरी, असं म्हणत बरीच राज्यं तिकडे वळतात.

आता 1972 च्या मायामी बीचच्या अधिवेशनाला या. स्त्री प्रतिनिधी 13 टक्क्यांवरून 40 च्या आसपास गेल्यात. नियम मोडले म्हणून डेलींच्या गटाला सभागृहात जागाच नाही. उमेदवार? खुद्द मॅकगव्हर्न. टाळ्या वाजवा, पण नोव्हेंबरपर्यंत थांबा: 50 पैकी 49 राज्यांत रिपब्लिकन पक्षाचे निक्सन जिंकतात.

मग पुढारी म्हणू लागतात, लोकांनी निवडलेला माणूस निवडून येईलच असं नाही. 1982 मध्ये ते अधिवेशनात स्वतःसाठी राखीव जागा मिळवतात. अशा प्रतिनिधींना सुपरडेलिगेट म्हणतात. 2018 मध्ये पक्षच त्यांना चुरस असेल तर पहिल्या फेरीत मतदान करायला मनाई करतो. दुसऱ्या फेरीचा हक्क मात्र शाबूत. पुढाऱ्यांना बाजूला सारणं पक्षाला जमलं, बाहेर काढणं नाही.