वर्गात जन्मलेले विमान बंगळूरला कसे आले? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची एक विस्मृत कथा

१/
सेवानिवृत्त विमान सुटे करावे, समुद्रापार न्यावे आणि विद्यार्थ्यांच्या हाती अभ्यासासाठी द्यावे, असे कधी कधी घडते. मात्र भारतीय विमाननिर्मितीचा आरंभच अशा एका प्रवासाने झाला. अमेरिकेतील एका वर्गात जन्मलेले विमान सुट्या भागांच्या रूपाने बंगळूरला आले. त्यामागे उभा असलेला उद्योगपती सोलापूरचा होता.

२/
वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे सौराष्ट्रातून आलेले, गुजराती दिगंबर जैन. पेढी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली.

३/
पुढे १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. रूळ झाले, जहाजे झाली. आता उरले होते आकाश.

४/
१९३९ साली पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या प्रवासी विमानात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी गाठ पडली. पॉली चीनसाठी विमाने जुळवण्याचा कारखाना चालवीत होते. चीनमध्ये जे होऊ शकते ते भारतात का नाही, हा प्रश्न घेऊनच वालचंद मायदेशी परतले.

५/
ब्रिटिश सरकार आरंभी उदासीन होते. वसाहतीने विमाने बनवावीत ही कल्पनाच त्यांना मानवणारी नव्हती. परंतु १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. ब्रिटनमधील प्रत्येक कारखाना स्वतःच्या बचावात गुंतला आणि दिल्लीतील सूर बदलला.

६/
म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी संधी ओळखली. जमीन आणि भांडवल देण्याची तयारी संस्थानाने दाखवली. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेडची नोंदणी झाली आणि वालचंद अध्यक्ष झाले. यंत्रसामग्री व अमेरिकी तंत्रज्ञ आणण्याचे काम पॉली यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनेही २५ लाख रुपये घालून भागीदारी घेतली.

७/
कारखाना झाला, पण बनवायचे काय? येथे कथेत एक शिक्षक प्रवेश करतो. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना ज्युनियर कॉलेजात मॅक्स हार्लो हे विमानविद्या शिकवीत. त्यांनी विद्यार्थ्यांकडून वर्गातील प्रकल्प म्हणून खरेखुरे विमान बांधून घेतले. सप्टेंबर १९३७ मध्ये ते उडाले. त्याचे नाव पीजेसी-१. ही त्या महाविद्यालयाचीच आद्याक्षरे.

८/
ते पहिले विमान पुढे गिरकीच्या चाचणीत कोसळले. हार्लो थांबले नाहीत. आराखडा सुधारला, कंपनी स्थापन केली आणि त्याच वंशातून पीसी-५ हे प्रशिक्षण विमान घडवले. धातूचा सांगाडा, धातूचेच आवरण, खालच्या बाजूला पंख, १६५ अश्वशक्तीचे वॉर्नर इंजिन आणि एकामागे एक अशी दोन आसने: शिष्याचे व गुरूचे.

९/
अशा छोट्या विमानाचा पल्ला काही शे मैलांचा. महासागर ओलांडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून उडण्यासाठी बनलेल्या यंत्राला जहाजातून, सुट्या भागांच्या रूपात यावे लागले. पंख, धड, शेपटी, चाके, इंजिन सारे वेगळे. बंगळूरला या भागांची जुळणी झाली आणि ऑगस्ट १९४१ मध्ये हार्लो पीसी-५ आकाशात गेले. कंपनीच्या स्थापनेला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते.

१०/
सुटे भाग जुळवणे म्हणजे निर्मिती नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. पण जुळणीत एक शिक्षण दडलेले असते. रिव्हेट कुठे मारायचा, पत्रा किती ताणायचा, नियंत्रणाच्या तारा किती घट्ट ठेवायच्या, हे पुस्तकातून कळत नाही. ज्याने विमान स्वतः उभे केले, त्यालाच ते दुरुस्त करता येते. त्या अर्थाने बंगळूरचा कारखाना हीच शाळा होती.

११/
हार्लोनंतर कर्टिस हॉक या लढाऊ विमानाची पाळी होती. दरम्यान डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि युद्ध भारताच्या दाराशी आले. २ एप्रिल १९४२ रोजी केंद्र सरकारने वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. चारच दिवसांनी विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. त्याच बंदरात वालचंदांची जहाजबांधणीची गोदी उभी राहत होती.

१२/
पहिले बंगळुरी हॉक विमान जुलै १९४२ मध्ये उडाले, तेव्हा संस्थापक बाहेर होता. लवकरच नवी बांधणी मागे पडली. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाकडे सोपवला गेला आणि ब्रह्मदेश व भारतातील आघाड्यांवरील विमानांच्या दुरुस्तीचे प्रचंड केंद्र बनला. युद्धाची गरज खरी होती. विमान बनवणारा देश होण्याचे स्वप्न लांबणीवर पडले, हेही तितकेच खरे.

१३/
मग उरले काय? माणसे उरली. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णु माधव घाटगे हे जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांचे विद्यार्थी. कंपनीच्या आरंभकाळातच ते तेथे आले आणि त्यांनी जी-१ हे ग्लायडर रेखाटले. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. तेथील आरंभीच्या अध्यापकांतही घाटगे होते. कारखान्याशेजारी आता वर्गही उभा राहिला.

१४/
ऑगस्ट १९५१ मध्ये घाटगे यांच्या नेतृत्वाखाली रेखाटलेले एचटी-२ उडाले. स्वतंत्र भारताने स्वतः आखलेले आणि स्वतः बांधलेले पहिले इंजिनयुक्त विमान. तेही लढाऊ नव्हते. हार्लोप्रमाणे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान होते. परक्या वर्गातून आलेल्या विमानापासून स्वतःच्या विमानापर्यंत पोहोचायला दहा वर्षे लागली.

१५/
वालचंद तेव्हा हयात होते, पण पक्षाघाताने खिळलेले. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापलेली कंपनी १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजेच आजची एचएएल, या रूपात विलीन झाली. एचएएलचे नाव घेताना बंगळूर आठवते, सोलापूर क्वचितच.

१६/
सोलापुरात मात्र १९८३ पासून त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही १९५५ पासून त्यांचेच नाव आहे. कारखाना त्यांच्या हातून गेला. त्यांचे नाव वर्गांवर राहिले.