देवापी, शंतनू आणि आपला पाऊस

मागच्या वेळी आपण ऋग्वेदाच्या 10 व्या मंडलातल्या 98 व्या सूक्तापाशी थांबलो होतो. यास्काने निरुक्तात त्याची कथा दिली आहे. देवापी थोरला, शंतनू धाकटा. धाकट्याने अभिषेक करून घेतला, थोरला तपाला बसला. पुढे 12 वर्षं पाऊस नाही. ब्राह्मणांनी राजाला तोंडावर सांगितलं, हा तुझा अधर्म आहे. शंतनू राज्य घेऊन भावाकडे गेला. देवापी म्हणाला, राज्य नको, मी तुझा पुरोहित होतो, यज्ञ करतो.

हे ऐकलं की आजकाल कोणीतरी हमखास म्हणतो, बघा, हवामानबदल आपल्या ऋषींना ठाऊक होता! आम्हाला हे पटत नाही. कार्बनचा हिशेब तिथे नाही, आणि असायचं कारणही नाही. पण भाकडकथा म्हणून फेकून देणंही घाईचं होईल. पाऊस गेला तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न त्या कथेत आहे. आणि तो गादीवरच्याला विचारलाय, रयतेला नाही.

आता अर्थशास्त्र घ्या. कोठारात हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलंय. अवंतीला 23 द्रोण, कोकणाला अमाप, आणि अश्मकाला अवंतीच्या निम्म्याहून थोडा जास्त. अश्मक म्हणजे गोदाकाठ, आपल्या शेजारचाच मुलूख. इकडचा पाऊस बेताचा, हे दोनेक हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय!

तरी 2016 साली काय झालं? केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, आणि त्यावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पाऊस कमी झाला, खरंच. पण याच कमी पावसाच्या मुलखात ऊस वाढत गेला, तेही खरं. आणि बीडचा माणूस दरसाल कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातो. जग तापवण्यात त्याचा वाटा कितीसा? टँकरपुढे घागर घेऊन मात्र त्याच्याच घरची बाई उभी.

दुष्काळ पडला की पर्जन्ययज्ञ होतात. यज्ञातून पाऊस, हा गीतेच्या 3 ऱ्या अध्यायातला विचार अनेकांना तोंडपाठ असतो. आम्ही थट्टा करत नाही. गाव एकत्र बसतं, तेही काही कमी नाही. फक्त शंतनूने यज्ञाआधी काय केलं तेवढं वाचायचं राहून जातं. तो आधी राज्य परत द्यायला निघाला होता.

बीडच्या खजाना विहिरीबद्दल दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. ती 16 व्या शतकातली, निजामशाहीतली. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.