गड तिघांच्या हाती

१/ १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आरंभी योद्धा, जादूगार आणि पुरोहित असे तीनच वर्ग होते. एकाची उणीव दुसरा भरून काढी.

२/ छत्रपती शिवाजी महाराजांच्या गडांवरही अधिकार असाच विभागलेला होता. सभासद बखरीनुसार हवालदार, सबनीस व सरनोबत समान दर्जाचे. कारभार तिघांनी मिळून करावयाचा.

३/ दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, पहारा सरनोबताकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे. धान्य व दारूगोळ्याची कोठारे कारखानिसाकडे. सगळे अधिकारी एकाच जातीतले नसत.

४/ कोणी एक फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा हेतू. खेळात हरलेला डाव पुन्हा मांडता येतो. गेलेला गड परत घेण्याची किंमत १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांनी मोजली.