लाकडी घोडा आणि खोटे अवकाशयान

सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीच्या दुसऱ्या भागात (१६१५) एक सरदार दांपत्य नायकाला व सांचोला डोळे बांधून लाकडी घोड्यावर बसवते. भात्यांचा वारा आणि पेटत्या चुडींची धग देऊन आकाशप्रवासाचा भास निर्माण केला जातो. डिसेंबर २००५ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीने ‘स्पेस कॅडेट्स’ या मालिकेत जणू हेच उड्डाण पुन्हा घडवले. आपण रशियात अंतराळवीरांचे प्रशिक्षण घेत आहोत, असे मानणारी ही सर्वसामान्य माणसे वस्तुतः इंग्लंडमधील सफक परगण्यातील एका जुन्या लष्करी विमानतळावर होती. त्यांच्यात काही नट पेरलेले होते. यान जमिनीवरून हललेच नाही.

ही फसगत भोळेपणाचा पुरावा मानली गेली. परंतु त्यासाठी उभारावी लागलेली अवाढव्य यंत्रणा पाहता, येथे वापरला गेला तो भोळेपणा नव्हे, विश्वास होय.

घोड्यावरून उतरल्यावर सांचो गप्प राहत नाही. पट्टी किंचित सरकवून आपण मोहरीएवढी पृथ्वी पाहिली, आकाशातल्या शेळ्यांशी खेळलो, असे तो त्या दांपत्यालाच ऐकवतो. थट्टेची सूत्रे क्षणभर त्याच्या हाती येतात. पुढे निवेदनही फसवणाऱ्यांना फसलेल्यांइतकेच वेडे ठरवते. दूरचित्रवाणीवर उलगड्यानंतर स्पर्धक बोलतो खरा. पण कार्यक्रमातले त्याचे बोलणेही फसवणाऱ्यांच्याच संकलनातून जाते. म्हणून अशा कार्यक्रमांची नैतिक कसोटी बक्षिसाच्या रकमेवर ठरत नाही. फसलेल्याला आपली गोष्ट सांगण्याचा अधिकार उरतो का, यावर ती ठरते.