पनवेल : वाटेवरच्या एका शहराचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राजधान्या उभ्या राहतात. रायगड, सातारा, पुणें हीं नांवें शाळेंतल्या मुलासही ठाऊक असतात. परंतु त्या राजधान्यांच्या वाटेवर जीं मुक्कामाचीं गांवें होतीं, त्यांची विचारपूस करण्याचें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक राजधानीस पोहोंचणारें धान्य, मीठ, कापड, सैन्य आणि बातमी हीं सर्व अशाच गांवांतून जात असतात. कोंकणांतील असें एक गांव म्हणजे पनवेल. तिच्या इतिहासांत आम्हांस एक प्रश्न दिसतो, तो असा कीं, ज्या गांवाचें भाग्य वाटेवर अवलंबून आहे, त्या गांवानें वाट दुसरीकडे वळल्यावर काय करावें. आणि पुढें तीच वाट दसपट रुंद होऊन परत आली तर काय करावें?

प्रथम तिचें स्थान पहा. मुंबई बेटाच्या पूर्वेस, खाडीच्या आंतल्या टोकाशीं, गाढी नदीच्या कांठीं हें शहर वसलेलें आहे. भरतीबरोबर गलबत येथवर येई. येथून पुढें बैलाची पाठ किंवा माणसाचे पाय. पुढें खोपोली, तेथें नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देऊळ, आणि मग बोरघाटाची चढण. सन १७७८ च्या नोव्हेंबरांत राघोबादादांस पुण्याच्या सत्तेवर बसविण्याच्या इराद्यानें मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली, ती पनवेलीस उतरून याच वाटेनें घाट चढली आणि १७७९ च्या जानेवारींत वडगांवास मराठ्यांपुढें नमली. पुढें १८१८ मध्यें पनवेलीच्या दक्षिणेस उभा असलेला कर्नाळा किल्ला इंग्रजांनीं घेतला, तेव्हां ही वाटही त्यांच्या हातीं गेली.

नव्या राज्यकर्त्यांनीं ती वाट सुधारली. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि पनवेलीचा सुवर्णकाळ सुरू झाला. मुंबईचा उतारू होडीनें पनवेलीस यावा, तेथें गाडी ठरवावी व पुण्यास जावें, हा परिपाठच पडून गेला. येथील मुख्य धंदा काय असावा? गाडीचीं चाकें बनविणें! घाट चढून उतरून झिजलेलीं चाकें येथें बदलावयाचीं, म्हणून देशावरच्या गाड्यांस चाकें पुरविणारें गांव अशी तिची ख्याति झाली. वाटेवरच्या गांवाचें याहून यथार्थ बोधचिन्ह आम्हांस सुचत नाहीं.

अशा गांवांत माणसेंही नाना प्रकारचीं जमतात. भाताचे व्यापारी आले, सावकार आले, मुसलमान आले. आगरी व कोळी तर मूळचेच. त्यांतच बेने इस्राएल होते. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून कोंकणानें ज्यांस ‘शनिवार तेली’ हें नांव दिलें, ते हे मराठी बोलणारे यहुदी. त्यांचें बेथ-एल हें प्रार्थनामंदिर १८४९ सालीं पनवेलीस उभें राहिलें. तीनच वर्षांनीं, १८५२ मध्यें, शहरास नगरपालिका मिळाली. पुष्कळ मोठ्या शहरांस जें तेव्हां लाभलें नव्हतें, तें या मुक्कामाच्या गांवास लाभलें.

आणि नेमकी याच वेळीं वाट वळली. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. १८५६ मध्यें ती कल्याणवरून खोपोलीस पोहोंचली. १८६३ मध्यें बोरघाटांतला लोहमार्ग पुरा झाला. मुंबईचा मनुष्य आतां होडींत न बसतांच पुण्यास जाऊं लागला. पनवेल नकाशावर जेथें होती तेथेंच राहिली. पण पूर्वी वाटेवर होती ती आतां वाटेच्या बाजूस पडली.

वाट गेली म्हणजे गांवाचें काय होतें, हें ताडून पाहण्यासाठीं आम्ही एक दूरचें उदाहरण घेतों. पोलंडमध्यें विस्तुला नदीच्या कांठीं काझिम्येश दोल्नी नांवाचें लहानसें शहर आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत धान्यानें भरलेल्या नावा तेथून समुद्रकांठच्या ग्दान्स्क बंदराकडे जात. धान्याचीं मोठमोठीं कोठारें आणि बाजारचौकांत १६१५ च्या सुमारास बांधलेलीं सावकारांचीं नक्षीदार घरें त्या वैभवाची साक्ष आजही देतात. सतराव्या शतकाच्या मध्यास स्वीडिश सैन्यानें तें शहर उद्ध्वस्त केलें आणि धान्याचा व्यापारही ओसरला. तरी शहर मेलें नाहीं. माणसें राहिलीं, आणि त्यांतलीं निम्मीं यहुदी होतीं. १९४२ च्या मार्चांत जर्मनांनीं तीं बेल्झेतच्या मृत्युछावणीकडे पाठविलीं. त्यांच्या कबरींच्या शिळा उखडून फरशी म्हणून अंथरल्या गेल्या. युद्धानंतर त्यांच्या प्रार्थनामंदिराची डागडुजी झाली, पण तेथें चित्रपट दाखविले जाऊं लागले. घरें उभीं आहेत, कोठारें उभीं आहेत, प्रवासी कौतुकानें पाहतात; परंतु गांवाचा अर्धा आत्मा परत आला नाहीं. व्यापार गेल्यानें न मेलेलें शहर माणसें गेल्यानें अर्धें मेलें.

पनवेलीच्या सुदैवानें हा प्रसंग तिच्यावर आला नाहीं. १९४८ नंतर येथील बेने इस्राएल कुटुंबांपैकीं बहुतेक इस्रायलास गेलीं, पण तीं आपल्या मर्जीनें गेलीं, शेजाऱ्यांच्या भयानें नव्हे. आणि बेथ-एल आपल्या जागीं राहिलें. वाट गेल्यानंतरच्या काळांतही शहर हातपाय गाळून बसलें नाहीं. १८७२ मध्यें वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथें धूतपापेश्वर ही औषधांची संस्था काढली आणि ज्या गांवाचीं चाकें देशावर जात, त्या गांवाचीं औषधें देशभर जाऊं लागलीं. जवळच्या शिरढोण गांवीं १८४५ मध्यें जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेब खात्यांत नोकरीस गेले, १८७९ मध्यें त्यांनीं सरकारविरुद्ध शस्त्र उचललें, आणि १८८३ मध्यें एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. वाटेच्या बाजूस पडलेला मुलूख निस्तेज होतोच असें नाहीं.

आतां वाट परत आली आहे. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनीवर नकाशे रेखले गेले. ज्यांचीं भातशेतें व मिठागरें त्या नकाशांत गेलीं, त्यांनीं योग्य मोबदला मागितला. १९८४ च्या जानेवारींत १६ व १७ तारखांस पोलिसांच्या गोळीबारांत पांच शेतकरी प्राणांस मुकले. पनवेलीचे आमदार राहिलेले दि. बा. पाटील यांनीं चालविलेल्या त्या लढ्यामुळें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. पुढें द्रुतगती मार्ग झाला, २०१६ मध्यें नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं तालुक्यांतील विमानतळाचें उद्घाटन झालें. त्यासाठीं उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचें पात्र वळविलें गेलें आणि दहा गांवें उठलीं.

वाट आली याचा आम्हांस विषाद नाहीं. वाटेवरच्या गांवानें वाटेवर रुसावें हें हास्यास्पद होईल. परंतु वाट गांवास धन देते, गांवपण देत नाहीं. तें माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशेजारीं राहून घडविलेलें असतें. १८६३ मध्यें पनवेलीची वाट गेली तेव्हां माणसें राहिलीं, म्हणून शहर राहिलें. या वेळीं वाट राहून माणसेंच उठलीं, तर विमानांतून उतरणाऱ्यास शहर भव्य दिसेल, पण तें पनवेल असेल किंवा नाहीं, याची आम्हांस शंका आहे. चाकें बदलून देणाऱ्या गांवास एवढें तरी ठाऊक असावें कीं, चाक कितीही फिरलें तरी आंस जागेवर असावा लागतो.